कापूस घरी ठेवा: खान्देशातून बर्फावर जाण्याची तयारी

डाबला किंवा तोरणमाळला दव गोठलं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि आपल्याकडे गारठ्याच्या गप्पा सुरू होतात. गुलमर्गला जानेवारीत रात्रीचा पारा उणे दहाच्याही खाली जातो. त्यामुळे स्कीइंगला जायचं ठरलं की बायाबापड्या आधी स्वेटरांच्या मागे लागतात. पण पहिलं काम तारखांचं आहे.

नाताळची सुट्टी शाळेमुळे सोयीची, बर्फाच्या दृष्टीने मात्र बेभरवशाची. तिकडचा बर्फ पश्चिमी झंझावातांवर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांवर, अवलंबून असतो आणि ते कधी येतील हे आपल्या सुट्ट्या बघून ठरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे होते. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. खात्री कशाचीच नाही, तरी त्यातल्या त्यात जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य एवढा काळ धरावा. शेती असलेल्या घरालाही तो बरा पडतो. फरदड, म्हणजे तीच कपाशी पुढे राखून घेतलेलं पीक, घेऊ नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतोच, म्हणजे कपाशी निघालेली असते, हरभरा घाट्यात असतो. गव्हाला पाणी द्यायला मागे कोणाला तरी ठेवावं लागेल. रात्रीची लाईट असेल तर त्या माणसाची समजूत आधीच काढा. घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर त्या वर्षी हा विषयच काढू नका.

दुसरं काम ठिकाण ठरवण्याचं, आणि इथे माझं मत ठाम आहे: एकच ठिकाण घ्या आणि तिथेच राहा. टूरवाले पाच दिवसांत श्रीनगर, पहलगाम, सोनमर्ग, गुलमर्ग सगळं दाखवतात. स्कीवर पहिला दिवस बूट चढवण्यात आणि पडण्यात जातो. दुसऱ्या दिवशी स्कीच्या पट्ट्यांची टोकं जवळ आणि टाचा बाहेर करून थांबता येतं, तिसऱ्या दिवशी कुठे वळता येऊ लागतं. टूरची गाडी तोवर पुढच्या गावाला गेलेली असते. चार रात्री एका जागी नसतील तर स्की भाड्याने घेऊन फोटो काढा आणि शिकल्याचं नाव घेऊ नका.

गुलमर्ग सगळ्यांत भरवशाचं. गाव सुमारे २,६५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजार मीटर उंच. उत्तराखंडात औली आहे. तिथे गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग असतात, पण ऋषिकेशपासून सुमारे २५० किलोमीटर घाट आहे. जोशीमठहून वर नेणारा रोपवे जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा वरपर्यंत रस्त्यानेच जायचं धरून निघा. मनालीजवळचं सोलंग पोहोचायला सोपं, मात्र सुट्टीत तिथे बर्फापेक्षा माणसं जास्त. शिमल्याच्या बाजूची कुफ्री आणि नारकंडा मुलांना बर्फ दाखवायला ठीक.

आता कपडे. आपण कापसाच्या मुलखातली माणसं, पण बर्फावर सुती कपड्यासारखा वैरी नाही. सुती बनियन घामाने भिजतं, वाळत नाही आणि अंगाशीच गार पडतं. जीन्सचं तेच. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकर आणि सगळ्यांवर पाणी न शिरणारं जॅकेट-पँट, असे तीन थर पुरतात. वरचा थर तिकडे भाड्याने मिळतो, आतले दोन स्वतःचेच हवेत. आईने विणलेले लोकरीचे हातमोजे संध्याकाळी फिरायला ठेवा, कारण बर्फात हात टेकला की ते भिजतात. स्कीला वॉटरप्रूफ हातमोजे लागतात, शक्यतो दोन जोड. पायमोजे मात्र एकावर एक दोन घालू नका. बूट आवळला जातो, रक्त खेळत नाही आणि बोटं उलट गार पडतात. लांब, पोटरीपर्यंत येणारा एकच मोजा घाला. भाड्याचे बूट निवडताना घाई करू नका. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की मागे सरकावीत. पट्टीवरचा बूट अडकवणारा खटका वजनाप्रमाणे लावायचा असतो, नाहीतर पडताना तो सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. वजन खरं सांगा. हेल्मेटही मागून घ्या.

काळा चष्मा आणि सनस्क्रीन ही शहरी नखरेबाजी वाटेल, पण ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो. आपलं ४५ अंशांचं ऊन वरून येतं, तिथलं खालूनही येतं. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा.

पायांची तयारी निघण्याआधी महिनाभर सुरू करावी. मांड्या आणि गुडघे लागतात, दंड नाही. रोज उठाबशा काढा, जिने चढा-उतरा, आणि रविवारी मनुदेवी नाहीतर पाटणादेवीच्या डोंगरात चालून या. भरीत पार्टीही तिथेच उरकता येईल.

गोंडोलाचं, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेचं, तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरला. वारा सुटला की वरचा टप्पा बंद होतो. आजीआजोबांना, विशेषतः बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या टप्प्यावर नेऊ नका. पोहोचल्याचा पहिला दिवस सगळ्यांनीच संथ घालवावा, पाणी भरपूर प्यावं. डोकं दुखून मळमळायला लागलं तर खाली उतरायचं. नवशिक्यांचे उतार गावालगतच आहेत. आखलेली हद्द सोडून ताज्या बर्फात गेल्यावर हिमस्खलनाने अनुभवी परदेशी स्कीअरही गेले आहेत.

बाकी सामान भराभर. दुसऱ्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, घरात एक तरी पोस्टपेड हवं. थंडीत बॅटरी पटकन उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. खोलीत कांगडी किंवा शेगडी पेटलेली ठेवून दारं-खिडक्या लावून झोपू नका. शेंगदाण्याची चटणी आणि मेथीचे लाडू घ्या. केळीच्या वेफर्सची पाकिटं उंचीवर हवा विरळ झाल्याने टम्म फुगतात, घाबरू नका. स्लेजवाले, घोडेवाले, प्रशिक्षक यांच्याशी दर आधी बोलून घ्या. विमा काढलात तर साहसी खेळ त्यात धरलेत का ते वाचा, बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेले असतात.

जाण्यासाठी झेलम एक्सप्रेस जळगाव-भुसावळवरून जम्मूला जाते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बसा. जून २०२५ पासून जम्मूच्या पुढच्या कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्याने महामार्ग बर्फाने बंद पडण्याची धास्ती कमी झाली आहे. तनमर्ग ते गुलमर्ग या शेवटच्या १३ किलोमीटरला मात्र साखळ्या लावलेली गाडी लागते. परतीला एक दिवस मोकळा सोडा. बर्फ आडवा आला नाही तर तो दिवस कटऱ्यात हाताशी उरतो. घरातली वडीलधारी वैष्णोदेवीचं नाव काढणारच. दुखऱ्या मांड्यांनी ती बारा-तेरा किलोमीटरची वाट चढायची की घोडा करायचा, हे तिथेच ठरवा.