आईस फिशिंगचा हलका तंबू: शिवायचा इंदूरला, लावायचा गोठलेल्या तळ्यावर

माझं काम सीट कव्हर आणि तिरपाल शिवायचं, इंदूरला, सियागंजच्या जवळच. भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. त्याचा एक दिवस फोन आला की मामा, इथे तळं गोठतं, त्यावर भोक पाडून मासे पकडतात, पण वाऱ्यात अर्धा तास बसवत नाही, तयार तंबू आहेत पण जड आणि महाग, तू काही शिवून देशील का. मी म्हटलं देतो. पहिला बिघडला, दुसरा जमला, आणि मागच्या हिवाळ्यात ताईबरोबर गेलो तेव्हा मी स्वतः त्यात बसून आलो. आता कोणाचा मुलगा, कोणाचा जावई तिकडे आहे ते विचारायला येतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याला थंडी अडवायची नाहीये, वारा अडवायचाय. उणे १५ अंश असेल आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ते उणे २६ सारखं लागतं, म्हणजे वारा थांबवला की तिथेच मोठा फरक पडला. बसलेला माणूस स्वतः साधारण १०० वॉटच्या बल्बइतकी उष्णता देतो, दोघं बसले की २००. त्यामुळे जाड, रजईसारखं कापड लागत नाही. पातळ, वारा न शिरणारं कापड आणि खालून पूर्ण बंद, एवढं पुरतं. मी पहिला तंबू जाड तिरपालाचा केला होता, १४ किलो झाला, आणि भाच्याला तो बर्फावरून ओढतच घामाने भिजायला व्हायचं. घाम आला की मग थांबल्यावर जी थंडी वाजते ती वेगळीच.

आकार चौकोनी खोलीसारखा करू नका. चार पाइपचा पिरॅमिड करा. चौकोनी सांगाड्याला वर चार, खाली चार, उभे चार आणि आठ कोपऱ्यांचे जोड लागतात, आणि सपाट भिंतीवर वारा थापडा मारतो. पिरॅमिडला चारच काठ्या, उतारावरून वारा घसरून जातो. डोक्याशी जागा कमी मिळते हे खरंय पण तिथे बादलीवर बसूनच मासे धरायचे असतात, उभं राहायचं काम नाही.

माप असं आहे: तळ ६ फूट बाय ६ फूट, मधोमध उंची ६ फूट. मग प्रत्येक बाजूचा त्रिकोण खाली ६ फूट रुंद आणि उभा ६ फूट साडेआठ इंच, आणि कोपऱ्यावरची कड ७ फूट ४ इंच येते. दोन माणसं, दोन भोकं आणि सामान आरामात मावतं.

कापड म्हणजे २१० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) ऑक्सफर्ड, आतून पीयू कोटिंगवालं (पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा पातळ थर), जे बॅगवाल्यांकडे मिळतं. आपल्याकडचं निळं-पिवळं प्लॅस्टिकचं तिरपाल नको, कडाक्याच्या थंडीत ते पत्र्यासारखं ताठ होतं आणि घडीवर चिरतं. विश्वास नसेल तर घरच्या फ्रीझरमध्ये (तो साधारण उणे १८ ला असतो) दोन्हीचे तुकडे रात्रभर ठेवा आणि सकाळी काढल्या काढल्या दुमडून बघा. मी तिथेच पीव्हीसी पाइपचा तुकडापण ठेवला होता आणि हातोडी मारल्यावर तो काचेसारखा फुटला, म्हणून पाइप पीव्हीसीचा नाही. रंग काळा घ्या. ऊन असेल तर तापतो, आणि आत अंधार झाला की बर्फाखालून येणाऱ्या उजेडाने भोकातलं पाणी हिरवट चमकतं आणि गळ खालपर्यंत दिसतो. हे मी पाहिलंय, फार सुंदर दिसतं.

आता कटिंग, इथे लक्ष द्या कारण माझं १० मीटर कापड इथेच वाया गेलं होतं. कापडाचा पन्हा ५८ इंचाचा आणि त्रिकोण ७२ इंच रुंद, म्हणजे एका तुकड्यात निघत नाही, दोन अर्धे काटकोन त्रिकोण मधोमध जोडायचे. ३८ इंच बाय ८२ इंचाचा आयत घ्यायचा (शिलाईची सूट धरून) आणि तिरका कापायचा की दोन अर्धे मिळाले. पण एकाच आयतातून निघालेले दोन्ही अर्धे एकाच हाताचे असतात, डावे तर दोन्ही डावे. जोडायला गेलं की एकाचं कोटिंग आत आणि दुसऱ्याचं बाहेर येतं. म्हणून चार आयतांपैकी दोन एका दिशेने तिरके कापा आणि दोन उलट्या दिशेने, मग चार डावे, चार उजवे मिळतात आणि सगळं कोटिंग आतल्या बाजूला येतं. पन्ह्यातली उरलेली २० इंचाची पट्टी फेकू नका, त्याच्यातच खालची झालर निघते. असे सगळे मिळून साडेआठ मीटर होतात, टोपी आणि पट्ट्यांसाठी धरून १० मीटर घ्या.

त्रिकोण झाले की वरचं टोक ६ इंच कापून टाका. तिथे साधारण साडेपाच इंच रुंदी उरते, चारही बाजू जोडल्या की वर एक चौकोनी तोंड राहतं, ते मुद्दाम ठेवायचंय, कारण पुढे सांगतो.

धागा पॉलिस्टरचा, सुती नको, सुती धागा पाणी पितो आणि मग गोठतो. सुई १६ किंवा १८ नंबर, टाका ३-४ मिलिमीटरचा, सगळीकडे दुमडून डबल शिलाई. शिलाईच्या भोकांना टेप मारायची गरज नाही, तिथे हिवाळ्यात सहसा पाऊस पडत नाही, बर्फ पडतो आणि तो झटकला की गेला. चारही कोपऱ्यांच्या कडांवर मात्र एक इंची निवार पट्टी लावाच, कारण त्या कडा तिरक्या कापलेल्या आहेत आणि तिरकं कापड ताणलं की लांबतं, दोन फेऱ्यांत तंबू पार सैल पडेल. तीच पट्टी तळाच्या चारही कडांनाही फिरवायची आणि कोपऱ्यात, पट्टी दुहेरी करून, पितळी आयलेट (भोकाला बसवायची गोल कडी) ठोकायचं.

पाइप अल्युमिनियमचे, २५ मिलिमीटर बाहेरून, भिंत १.२ मिलिमीटर. अल्युमिनियम थंडीत ठिसूळ होत नाही. प्रत्येक काठी २ मीटर ४० सेंटीमीटर, तीन तुकड्यांत, ८० सेंटीमीटरचा एक, म्हणजे मोठ्या बॅगेत तिरके ठेवले की बसतात. जोडायला आत २२ मिलिमीटरचा २० सेंटीमीटर तुकडा घालून एका बाजूने रिव्हेट मारायचा. सगळे पाइप आणि जोड मिळून अडीच किलोच्या आसपास. काठीच्या खालच्या टोकाला लाकडाची खुंटी ठोकून त्यात ८ मिलिमीटरचा बोल्ट, टोक ग्राइंडरवर अणकुचीदार केलेलं. हा बोल्ट कोपऱ्याच्या आयलेटमधून जाऊन बर्फात रुततो, आणि काठ्या बाहेर फाकायला लागल्या तर तळाची निवार पट्टीच त्यांना धरून ठेवते. वेगळा खालचा सांगाडा लागत नाही, वजन वाचलं. रबरी बूच लावू नका, थंडीत कडक होऊन सरकतं.

वर काहीच वेल्डिंग नाही. प्रत्येक काठीला वरून ५ सेंटीमीटरवर आरपार भोक, चारही भोकांतून ५ मिलिमीटरची नायलॉन दोरी ओवून सैलसर गाठ, की काठ्या फाकवल्यावर एकमेकींवर टेकतात. भोकाच्या कडा कानसने घासून घ्या नाहीतर दोरी कापली जाईल. काठ्यांची टोकं त्या चौकोनी तोंडातून बाहेर येतात आणि त्यावर कापडाची टोपी, तोंडापासून चार बोटं वर राहील अशी बांधायची.

ही टोपीखालची फट कधीही बंद करायची नाही. समोरच्या भिंतीत जमिनीपासून एक फूट वर ८ बाय ६ इंचाची दुसरी खिडकी ठेवा, वर छपरासारखी झडप. तिकडे बरेच लोक आत प्रोपेनचा छोटा हीटर लावतात. जळणाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला झोप येतेय असं वाटतं आणि तो उठत नाही. इतक्या छोट्या, खालून बर्फाने बंद केलेल्या जागेत तर फारच लवकर. म्हणून वर एक आणि खाली एक, दोन्ही उघडी, आणि हीटर लावणार असाल तर बॅटरीवरचा सीओ (म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा) अलार्म लटकवलाच पाहिजे, मी भाच्याला शपथ घालूनच पाठवलाय. हीटर नसला तरी वरची फट हवी, नाहीतर श्वासाची वाफ कापडावर गोठते आणि हात लागला की मानेवर बर्फ पडतो.

दरवाजा सगळ्यात सोपा, कारण मधली शिलाई आहेच: एका बाजूची मधली शिलाई खालून साडेचार फूट मारायचीच नाही, दोन्हीकडे पट्टी लावून ६ इंच एकावर एक येऊ द्या. चेन मी लावली होती, ती ओल धरून गोठली आणि आतला माणूस आतच राहिला, बाहेरच्याने कशीबशी ओढून उघडली. त्यामुळे आता लाकडी मोठ्या गुंड्या आणि दोरीचे फासे, जाड हातमोजे घालूनही आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडतात. वेल्क्रोत बर्फ भरतो, तोही नको.

झालर १२ इंचाची, तळाच्या कडेला बाहेर पसरेल अशी, चारही कोपऱ्यांत एक-एक फुटाचे चौकोन जोडून. तंबू लावला की त्या झालरीवर फावड्याने कोरडा बर्फ लोटायचा. ज्या दिवशी झालर नीट दाबली त्या दिवशी आत मेणबत्ती हलत नव्हती, आणि एका बाजूची राहिली तर पाय गारठून जातात. आत बसायला जिममध्ये असतात तशा फोमच्या मॅट टाका, फक्त पायाखाली.

कापडात आतून प्रत्येक काठीला तीन ठिकाणी बांधायच्या नाड्या द्या आणि बाहेरून निम्म्या उंचीवर ताणाच्या दोऱ्यांसाठी चार फासे. दोऱ्या बर्फात कशा अडकवायच्या हे इंदुरात कसं तपासणार, तर मी बर्फाच्या कारखान्यातून लग्नाला आणतात तशी सिल्ली आणली, दुकानासमोर ठेवली आणि बघायला अर्धी गल्ली जमली. १० मिलिमीटरच्या लांब बिटने दोन तिरकी भोकं पाडायची, वर एकमेकांपासून ६ इंच, आत ३ इंचावर मिळतील अशी, इंग्रजी व्ही सारखी. तारेच्या हुकने दोरी एकातून घालून दुसऱ्यातून काढायची आणि गाठ मारायची. मी पूर्ण वजन टाकून ओढलं, हललं नाही. डोंगरावर बर्फ चढणारेही असंच करतात. यात खिळा नाही, हुक नाही, आणि निघताना गाठ सोडून दोरी ओढली की झालं. लोखंडी स्क्रू वापरले तर त्यावर बर्फ झाकून ठेवा, उन्हाने ते तापतात आणि भोवतालचं वितळून सैल होतात. ड्रिलची बॅटरी वापरेपर्यंत कोटाच्या आत ठेवा.

लावायचा क्रम: आधी बर्फाची जाडी. चालायला स्वच्छ, निळसर-काळा बर्फ कमीत कमी ४ इंच हवा, पांढरा दुधाळ असेल तर त्याची ताकद निम्मी, म्हणून दुप्पट जाडी धरायची. आणि एकदा मोजून चालत नाही, चालता चालता परत परत भोक पाडून मोजायचं, कारण झरा किंवा प्रवाह असेल तिथे तोच बर्फ पातळ असतो. एकटं जायचं नाही, गळ्यात बर्फात रोवायचे सुळे (मुठीत धरायचे टोकदार खिळे) हवेतच, पाण्यात पडलं तर ते रोवून वर येता येतं. मासे धरायची भोकं तंबूच्या आधी पाडा, ऑगर (बर्फात भोक पाडायचा मोठा गिरमिट) आत फिरवायला जागा नसते, आणि काठीच्या पायापासून दीड-दोन फूट लांब ठेवा. मग कापड पसरून वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे आधी बांधा, तेवढं न करता काठ्या उभ्या केल्या तर तंबू तळ्यावर पळत सुटतो. काठ्या उभ्या, टोपी, दोऱ्या, झालर. दरवाजा वाऱ्याकडे पाठ करून. अल्युमिनियम उघड्या हाताने धरू नका, ओलसर बोट चिकटतं.

चारही बाजूंना ट्रकच्या मागे असते ती चमकणारी टेप शिवून द्या, अंधारात तळ्यावर गाड्या आणि स्नोमोबाइल फिरतात आणि मिनेसोटात रात्री बर्फावर असलेल्या तंबूला ती लागतेच. तंबू तिथेच सोडून घरी यायचं असेल तर वेगळं लायसन्स लागतं, आपला सहा किलोच्या आतला आहे, रोज घेऊन यायचा.

काढताना झालर ओढून काढू नका. आतली उब आणि भोकातून सांडलेलं पाणी यांनी ती एखाद्या ठिकाणी चिकटून गोठलेली असते आणि हिसका दिला की फाटते. फावड्याच्या कडेने खालून हळू सोडवायची. घरी आल्यावर गॅरेजमध्ये उलटा करून टांगा आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका, पीयू कोटिंग ओलं राहिलं की हळूहळू चिकट होऊन सुटायला लागतं. मी सोबत त्याच कापडाचे चार चौकोन, सुई आणि मेण लावलेला धागा एका छोट्या पिशवीत दिलाय, ती पिशवी दरवाजाच्या आतल्या पट्टीला शिवूनच टाका म्हणजे हरवत नाही.