समर कॅम्पमधे मागच्या बाजूची सेवा: पाणी, किचन आणि एक रिकामा माणूस

चर्चच्या पोरांच्या समर कॅम्पची मीटिंग बसली की पाळकसाहेब विचारतात कोण काय घेणार, आणि पाच मिनिटात गाणी, नाटक, वचन पाठांतर, गेम्स सगळं वाटून संपतं, मग किचन आणि पाणी म्हणलं की सगळे एकदम मोबाईल बघायला लागतात. मी गेली काही वर्षं तिथंच असतो, मागं, म्हणून यंदा पहिल्यांदा मागं राहणाऱ्यांसाठी लिहितोय. हिशोब धरलाय तो शाळेच्या आवारातला मुक्कामी कॅम्प, चार दिवस, ९० पोरं आणि वीसेक मोठी माणसं, मे महिना, सोलापूर.

पहिलं पाणी, बाकी सगळं नंतर. इथं नळाला पाणी किती दिवसाआड येतंय हे सोलापूरकरांना सांगायला नको, उजनी धरण भरलेलं असलं तरी आपल्या नळाचं खरं नसतं. पिण्याचं पाणी ११० माणसांना माणशी साडेतीन लिटर धरलं तर दिवसाला ४०० च्या आसपास जातंय, म्हणजे २० लिटरचे वीस जार. आंघोळीला पोरामागं १५ लिटरची एक बादली धरली तर साडेतेराशे झाले, त्यावर संडास आणि भांडी. थोडक्यात दिवसाला ३००० लिटर, म्हणजे ५००० चा टँकर दीड दिवसातच संपतो. टँकरवाल्याला आठवडाभर आधी सांगा आणि आदल्या दिवशी परत फोन करा, आणि वेळ ठरवताना मेसेजची, म्हणजे प्रवचनाची, वेळ सोडून ठरवा. आमच्या इथं एकदा बरोबर संदेश चालू असताना टँकर आला, तो रिव्हर्स घेतानाचा पीं पीं आवाज, मग मोटर, आणि पुढं उधळ्या पुत्राची गोष्ट अगदी परत आलेल्या पोराकडं बाप धावत निघतोय तिथंपर्यंत आलेली. अर्धी पोरं टँकर बघायला खिडकीत. चूक माझीच होती, वेळ मीच दिलेली.

पिण्याचं आणि वापरायचं पाणी वेगळं ठेवा, बॅरलवर मोठ्या अक्षरात लिहा, कारण पोरगं तहानलं की जो नळ दिसेल त्याला तोंड लावतंय.

आता किचन. पोहे किलोला दहा-बारा पोरं धरा, म्हणजे नाष्ट्याला ८-९ किलो, मोठ्यांचे दोन किलो वेगळे. भात माणशी १०० ग्रॅम तांदूळ. भाकरी तिथं थापायच्या भानगडीत पडू नका, एवढ्या माणसांना ताज्या भाकरी म्हणजे चार मावश्या दिवसभर चुलीपुढं, त्यापेक्षा कडक भाकऱ्या आधीच सांगून ठेवा, त्या टिकतात पण आणि आमटीत कुस्करून पोरं आवडीनं खातात. सोबत शेंगाची चटणी आलीच, पण थांबा, फॉर्ममधे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का हा प्रश्न घातला का? नसेल घातला तर घाला, आणि ज्याला आहे त्याचं जेवण वेगळ्या डब्यात, वेगळ्या चमच्यानं. आपल्याकडं पोह्यात, खिचडीत, भाजीत सगळीकडं कूट असतंय त्यामुळं नुसती चटणी बाजूला ठेवून भागत नाही.

उरलेलं अन्न रात्रीला चालेल म्हणून ठेवायचं नाही. येशूनं पाच हजारांना जेवू घातल्यावर बारा टोपल्या उरल्या त्या गोळा केल्या हे खरंय, पण तिथं मे महिन्यातलं सोलापूर नव्हतं. दुपारचा भात चारपर्यंत वास मारतो. जेवण झालं की लगेच वाटून टाका.

अकरा ते चार पोरं उन्हात नको, पारा चाळीशी पार असतो. एका कोपऱ्यात साखर-मिठाचं पाणी करून ठेवा: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. रोज नवीन करा. आणि एखादं पोरगं तापलंय, असंबद्ध बोलतंय असं दिसलं तर प्रार्थना करायची, जरूर करायची, पण १०८ ला फोन लावून, आणि तोवर सावलीत घेऊन अंगावर ओलं कापड टाकून वारा घालत.

रात्रीची ड्युटी कोणी मागत नाही पण खरी सेवा मला तरी तिथंच वाटते. पहिल्या रात्री साताठ बारकी रडतातच. दिवसभर मराठीत बडबडणारं पोरगं रात्री रडताना घरच्या भाषेत रडतंय, तेलुगुत नाहीतर कन्नडमधे, म्हणून दोन्ही भाषा येणारी एखादी अक्का रात्री हवीच. मुलींच्या खोलीकडं फक्त बायका, आणि कुठंही एक मोठा माणूस एका लेकराबरोबर एकटा नको, कायम दोघं. यात ओळखीचा, नात्यातला, जुना सेवक, असलं काही बघायचं नाही.

आणि माझा हट्ट म्हणजे एक माणूस रिकामा ठेवायचा. नावापुढं काही काम नाही, फक्त टू-व्हीलर, पेट्रोल आणि थोडी कॅश. कमिटीत दरवर्षी कोणतरी म्हणतंय हा फुकट जेवणार का, पण रेग्युलेटर गळायला लागला, जनरेटरचं डिझेल संपलं, कुणाचा गुडघा फुटला की हाच लागतो. रिकामा माणूस नसेल तर गाण्याचा लीडर गाणं सोडून पळतो.

किचनवाल्यांसमोर मार्थेवर (येशू घरी आला तेव्हा ऐकत बसायचं सोडून कामात अडकलेली, म्हणून येशूनं जिला समजावलं ती) बोलू नका प्लीज, दरवर्षी कोणतरी बोलतंच. त्यापेक्षा पाळी लावा म्हणजे प्रत्येकाला रोज एक तरी सत्र बसून ऐकता येईल. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांमधे पंगतीची व्यवस्था बघायला सात जण निवडले त्यात पुढं पहिला ख्रिस्ती हुतात्मा झालेला स्तेफन होता, उरलेली माणसं ढकलली नव्हती मागं.

शेवटच्या दिवशी भाड्याची पातेली मोजून परत, सिलेंडर बंद, टाकीचा नळ बंद. राहिलेले टॉवेल, पाण्याच्या बाटल्या आणि चपला एका पोत्यात भरून रविवारी चर्चच्या दाराशी ठेवायच्या. अर्ध्या नेल्या जातात. उरलेल्या पुढच्या रविवारी परत ठेवायच्या.