इंग्रजी श्रवणाच्या तासाला या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी शाळांमधील मुले घरी मराठी, बाजारात कन्नड आणि टीव्हीवर हिंदी ऐकत वाढतात, त्यामुळे त्यांचा कान कच्चा असतो असे म्हणता येत नाही. इंग्रजी व्हिडिओ लावला की मात्र हा कान बहुधा रिकामाच बसतो, कारण सगळे काम डोळेच करून टाकतात.

मी एकदा सातवीच्या वर्गात एक छोटा संवाद दाखवून मुलगा कुठे निघाला आहे असे विचारले, तेव्हा ‘बस स्टँड’ असे सगळा वर्ग एका सुरात ओरडला. पडद्यावर चादर टाकून तोच संवाद पुन्हा ऐकवला, तेव्हा मुलगा बस चुकल्याचे सांगत घरी परतत होता, हे दोघांनाच कळले. तेव्हापासून मी पहिल्यांदा नुसता आवाज ऐकवतो आणि चित्र नंतर दाखवतो. सबटायटलचेही तसेच आहे. मराठी सबटायटल असले की मुले मराठी वाचतात. इंग्रजी सबटायटल शेवटच्या फेरीत उपयोगी पडते. मात्र आपोआप तयार होणाऱ्या सबटायटलमध्ये चुका असतात, म्हणून ते आधी तपासून घ्यावे.

‘सर, फार भरभर बोलतात’ ही तक्रार नेहमीची असली, तरी खरी अडचण बहुतेक वेळा वेगाची नसून जोडून उच्चारलेल्या शब्दांची असते. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो, तर इंग्रजीत आघात (उच्चारातला जोर) नसलेली अक्षरे आखडली जातात आणि ‘पिक इट अप’चे ‘पिकिटप’ होते. असे एकच वाक्य चार वेळा ऐकवून त्यात किती शब्द आहेत ते मोजायला सांगावे आणि मगच ते फळ्यावर लिहावे. यूट्यूबचा वेग एखाद्या फेरीपुरता 0.75 करण्यास हरकत नाही, पण 0.5 वर आवाज ओढल्यासारखा येतो आणि शब्दांची मूळ लय हरवते.

प्रश्न ऐकवण्यापूर्वीच द्यावेत, अन्यथा ती स्मरणशक्तीची परीक्षा होते. दोन मिनिटांचा तुकडा पुरेसा असतो.

खानापुरात जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळत असताना मोबाइलचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नाही, आणि मुलांना काही समजत नाही असे आपण ठरवून टाकतो. छोटा स्पीकर वर्गाच्या मधोमध ठेवावा, व्हिडिओ आदल्या दिवशीच डाउनलोड करावा आणि शेवटच्या बाकावर बसून स्वतः एकदा ऐकून पाहावे.