गेमसाठी लिहायचंय? पहारेकऱ्यापासून सुरुवात करा

गेमसाठी लिहायची इच्छा असलेली मुलं बहुतेक वेळा एक जाडजूड फाइल घेऊन येतात. काल्पनिक राज्याचा इतिहास, राजघराण्यांच्या वंशावळी, नकाशे. मेहनत दिसते, पण भरतीच्या वेळी ती फाइल वाचायला कुणाला सवड नसते. नोकरी लागल्यावर नवख्याच्या वाट्याला बहुधा गेममधल्या पहारेकऱ्याच्या तोंडची वाक्यंच येतात.

आम्ही त्यांना बार्क म्हणतो. समोर एक्सेलची शीट असते. वाक्याचा क्रमांक, बोलणारा कोण, केव्हा बोलतो, जास्तीत जास्त किती अक्षरं. 'केव्हा'च्या रकान्यात लिहिलेलं असतं: आवाज ऐकला, दिसलं कुणीच नाही. अशी दहा वाक्यं हवीत. 'कोण आहे तिकडे?' सगळ्यांनाच सुचतं. चार-पाच वाक्यांनंतर खरा कस लागतो. 'मांजर असेल. मांजरच असू दे देवा.' हे मला चालेल, कारण पहारेकरी घाबरलाय हेही कळतं आणि आपण अजून सापडलेलो नाही हेही खेळणाऱ्याला समजतं. पण हेच वाक्य तासाभरात पंधरा वेळा कानावर पडलं तर डोकं उठेल. म्हणून वारंवार वाजणारी वाक्यं साधी ठेवायची आणि चटकदार वाक्यं क्वचित येणाऱ्या प्रसंगांसाठी राखायची. हे भान कथा-कादंबरी लिहून येत नाही, खेळून आणि लिहून येतं.

तेव्हा नमुना म्हणून पीडीएफ पाठवू नका, खेळता येईल असं काहीतरी पाठवा. ट्वाइन हे साधन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि कोडिंग न येताही शाखा फुटणारी गोष्ट त्यात उभी राहते. इंक हे त्याच्या थोडं पुढचं साधन. केंब्रिजच्या इंकल स्टुडिओने ते स्वतःच्या गेमसाठी बनवलं आणि 2016 मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. मेग जयंत यांनी लिहिलेला '80 डेज' हा 2014 चा गेम इंकमध्येच आहे. तो जरूर खेळा. एका निवडीचे पडसाद पुढे कुठवर उमटतात, ते त्यात नीट बघायला मिळतं.

दहा मिनिटांत संपणारी गोष्ट पुरे. ती इच डॉट आयओ या छोटे गेम टाकण्याच्या साइटवर टाका. 1995 पासून दरवर्षी होणारी आयएफकॉम्प ही मजकूरप्रधान गेमची स्पर्धा आहे, तिथेही उतरा. दर जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो, म्हणजे थोडक्या वेळात गट करून गेम बनवायचा उपक्रम. तिथे प्रोग्रॅमर आणि चित्रकार भेटतात, आणि लिहिणारा माणूस त्यांना हवाच असतो. माझ्या मते ओळखी होण्याची यापेक्षा चांगली जागा नाही.

आपल्याकडे फक्त लेखकासाठी म्हणून निघणाऱ्या जागा कमी आहेत, हे आधीच सांगून ठेवते. पुण्यात युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचा स्टुडिओ आहे. 2020 चा 'राजी' हा गेमही पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा. पण छोट्या टीममध्ये संवाद पुष्कळदा डिझायनरच लिहितो. म्हणून 'नॅरेटिव्ह डिझायनर', म्हणजे गेममधली गोष्ट रचणारा, याही नावाने जागा शोधा. टेस्टिंग किंवा लोकलायझेशनमधून (गेम दुसऱ्या भाषेत आणण्याच्या कामातून) आत शिरायलाही कमीपणा मानू नका. कामाची भाषा मुख्यतः इंग्रजी, तीही पक्की करा.

अर्ज पुढे सरकला की लेखनाची चाचणी येते: एक छोटा प्रसंग, काही बार्क, कधी एखाद्या क्वेस्टचा, म्हणजे खेळणाऱ्याला दिलेल्या मोहिमेचा, आराखडा. अक्षरमर्यादा काटेकोर पाळा. आणि चाचणीचं काम दोन-तीन दिवसांचं असेल तर त्याचे पैसे मिळणार का, हे निःसंकोच विचारा.