दसऱ्याच्या तोंडावर: परसातल्या खुराड्यासाठी कोणती कोंबडी आणाल?

भाद्रपद सरत आला की पावसाचा जोर ओसरतो, खुराड्यातली ओल वाळायला लागते आणि गावोगावी पिल्लंवाल्यांच्या गाड्या फिरू लागतात. सातारा-सांगलीकडं परसात दहा-वीस कोंबड्या पाळायच्या असतील तर पिल्लं आणायला हा काळ सगळ्यात सोयीचा आहे. दसऱ्याला आलेलं पिल्लू शिमग्यापर्यंत पाच महिन्यांचं होतं. नर निघाले तर चैत्र-वैशाखातल्या गावच्या यात्रांना विकायला तयार होतात, आणि वर्षातला सगळ्यात चांगला भाव तेव्हाच मिळतो. माद्या, म्हणजे तलंगा, दिवस मोठा होत असताना अंड्यावर येतात. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. रोज १४ ते १६ तास उजेड मिळाला तर ती भरात असते, आणि चढत्या दिवसात अंड्यावर आलेली तलंग नीट लागते. एक काळजी मात्र घ्या. परतीचा पाऊस अजून व्हायचा आहे, त्यामुळं पहिले तीन आठवडे पिल्लं पक्क्या छपराखालीच राहू द्या.

आता जातीचं बोलू. दरवर्षी हाच प्रश्न येतो, "सगळ्यात चांगली कोंबडी कोणती?" सगळ्यांना चालेल अशी एक जात नाही. कोंबडी कशासाठी पाळायची आणि आपलं गाव कुठल्या पट्ट्यात आहे, या दोन गोष्टी आधी घरात बसून ठरवा. जातीचं नाव त्यानंतर आपोआप पुढं येतं.

घरच्या खाण्याला अंडी हवी असतील तर हिशेब सोपा आहे. पाच माणसांच्या घराला रोज चार-पाच अंडी लागतात असं धरा. गावरान कोंबडी परसात वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते, म्हणजे पाच-सहा दिवसांना एक. तेवढ्या अंड्यांसाठी पंचवीस-तीस गावरान कोंबड्या सांभाळाव्या लागतील. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसासाठीच तयार केलेली अंड्याची जात. मोकळ्यावर फिरून, वर थोडं खाद्य मिळालं तर ती वर्षाला १६० ते १८० अंडी देते, म्हणजे दोन दिवसांना एक. आठ-दहा ग्रामप्रिया कोंबड्यांत घर भागतं. अंडं तपकिरी, अंग हलकं, पायाला चपळ. अंड्यासाठी परसात ठेवायचीच तर माझी पहिली पसंती हिला.

पांढऱ्या लेअर, म्हणजे फक्त अंड्यासाठी पाळायच्या कोंबड्या वर्षाला तीनशे अंडी देतात हे खरं, पण त्या पिंजऱ्यात, मोजून दिलेल्या खाद्यावर. तीच कोंबडी परसात सोडली तर अंडी घटतात, आणि पांढऱ्या रंगामुळं ती घारीच्या नजरेत लगेच येते. परसासाठी ती नको.

अंडी आणि मांस दोन्ही हवं असेल तर वनराजा आणि गिरीराज या दोन जाती आपल्याकडं रुळल्या आहेत. वनराजा हैदराबादच्याच संस्थेची, तर गिरीराज बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली. दोन्हींचा रंग गावरानसारखा चित्रविचित्र, त्यामुळं बाजारात मागणी असते. वनराजा परसात वर्षाला शंभर-एकशेदहा अंडी देते. गिरीराजचं अंडं त्याहून थोडं जास्त, आणि नर अंगानं भरतो. नीट खाऊ घातलं तर सहा महिन्यांत तीन किलोच्या आसपास जातो. यात्रेला विकायचा कोंबडा हाच.

पण हे वजनच काही गावांत आड येतं. पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळ्याचा पश्चिम भाग घ्या. चार महिने पाऊस, खुराड्याबाहेर दाट झाडी, आणि त्यात मुंगूस, रानमांजर, वर घार. गावरान कोंबडी चाहूल लागताच पंख मारून कुंपणावर नाहीतर फांदीवर जाते. गिरीराज धावत सुटते आणि तिथंच सापडते. अंग जड, उडता येत नाही, रात्रीही आढ्यावर न चढता जमिनीवरच बसते. शिवाय ओल्या जमिनीवर बसून रक्ती हगवण लवकर लागते. डोंगराकडच्या माणसांनी म्हणून गावरान आणि ग्रामप्रिया यांचीच जोडी धरावी. वजनदार पक्षी हवाच असेल तर चार-पाचच घ्या आणि जाळीच्या आवारात ठेवा. खुराडं जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, खाली फळ्या किंवा बांबूच्या पट्ट्या, म्हणजे हवा खेळती राहते आणि विष्ठा खाली पडते.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इकडं अडचण उलटी. पाऊस कमी, पण एप्रिल-मेचं ऊन सोसवत नाही. जड कोंबडी उन्हात तोंड उघडून धापा टाकते, खाणं सोडते आणि अंडं बंद होतं. इथंही हलका पक्षीच चांगला. गावरानात मान उघडी असलेली, पिसं नसलेली कोंबडी कुठं दिसली तर ती जरूर घ्या. दिसायला ती बरी वाटत नाही, म्हणून लोक मागं सारतात, पण अंगावर पिसं कमी असल्यानं तिच्या अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते आणि उन्हाळ्यात ती टिकून राहते. या भागात बाजरी-ज्वारीचा झडलेला दाणा घरचाच असतो, तो खाद्याला कामी येतो. फक्त सध्या रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस आहेत. औषध चोळलेलं बियाणं पाभरीतून बांधावर सांडतं आणि कोंबड्या ते हमखास वेचतात. पेरणी झाली की आठवडाभर कोंबड्या कोंडून ठेवा आणि उरलेलं बियाणं, रिकामी पिशवी घराजवळ ठेवू नका.

कराड, वाळवा, पलूस, मिरज, तासगाव हा पाण्याचा पट्टा गिरीराज-वनराजाला मानवतो. मका मिळतो, हिरवा चारा मिळतो, गिऱ्हाईक जवळ आहे. या पट्ट्यातला धोका फवारणीचा. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की बागेत औषधांच्या फवारण्या एकामागून एक सुरू होतात, आणि कोंबडीला बागेतली गार सावली, तिथले किडे आवडतात. फवारलेल्या बागेतल्या किड्यांमधून आणि गवतातून औषध कोंबडीच्या पोटात जातं, तिथून अंड्यात येतं, आणि ते अंडं आपण लेकराला देतो. बाग घराला लागून असेल तर हंगामभर कोंबड्या जाळीत ठेवा, नाहीतर या वर्षी कोंबडी पाळू नका. मला यात मधला मार्ग दिसत नाही.

सुधारित जातींची एक मोठी उणीव पिल्लं विकणारा सहसा सांगत नाही. या कोंबड्या खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत, बसल्या तरी अर्ध्यावर उठतात. म्हणजे दरवेळी पिल्लं विकतच आणावी लागतात. म्हणून कुठलीही जात आणा, पण खुराड्यात दोन गावरान कोंबड्या असू द्याच. एक गावरान कोंबडी दहा-बारा अंडी अंगाखाली घेऊन २१ दिवसांत पिल्लं काढते, आणि नुसतीच काढत नाही. घार दिसली की ती एकच हाक देते आणि सगळी पिल्लं तिच्या पंखाखाली गुडूप होतात. तिला ना वीज लागते ना बल्ब.

तिच्याखाली ग्रामप्रिया किंवा वनराजाची अंडी रवणीला ठेवता येतात, पण अपेक्षा बेतानं ठेवा. या जाती दोन-तीन वाणांच्या संकरातून केलेल्या असतात. घरच्या कोंबड्या-कोंबडीपासून झालेली पुढची पिढी आईइतकी अंडी देत नाही आणि प्रत्येक पिल्लू वेगळं निघतं. त्यापेक्षा गावरान माद्यांमध्ये एक वनराजाचा किंवा आर.आय.आर. (रोड आयलंड रेड) या विलायती जातीचा चांगला नर सोडला तर पिल्लांचं वजन आणि अंडी दोन्ही सुधारतात, आणि त्यांतल्या काही माद्या खुडूकही बसतात. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. नर फार जड नको, लहान गावरान माद्यांच्या पाठी सोलवटतात.

कडकनाथविषयी वेगळं लिहायला हवं, विशेषतः सांगली जिल्ह्यात. जात चांगली आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही कोंबडी काटक असते, तिच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ती वर्षाला ऐंशी-नव्वदच अंडी देते, वजन दीड-दोन किलोच्या पुढं जात नाही आणि वाढायला वेळ घेते. तिचा सगळा फायदा चढ्या भावावर आहे, आणि तो भाव देणारं गिऱ्हाईक गावात क्वचितच असतं. इस्लामपूरहून सुरू झालेल्या कडकनाथ योजनेत राज्यभरातल्या शेतकऱ्यांचे पैसे २०१९ मध्ये बुडाले, ते याच ठिकाणी: "पिल्लं आम्ही देतो, अंडी-पक्षी आम्हीच चढ्या भावानं परत घेतो." पक्षी परत घ्यायचा शब्द देऊन आगाऊ रक्कम मागणारा कोणीही असो, त्याला पैसे देऊ नका. घरी खायला चार कडकनाथ ठेवायच्या तर खुशाल ठेवा.

असीलचंही तसंच. रुबाबदार, काटक, पिल्लांवर जीव टाकणारी जात, पण अंडी अगदी मोजकी, आणि दोन असील नर एका खुराड्यात राहू शकत नाहीत.

पक्षी घेताना काय पाहायचं? पिल्लू हातात घ्या. पोट मऊ, बेंबी कोरडी आणि बंद, पाय चकचकीत, डोळे टपोरे, मागची पिसं स्वच्छ हवीत. बेंबी ओली किंवा काळपट असेल तर ते पिल्लू आठवड्यात जातं. "नर-मादी मिक्स" म्हणून दिलेल्या वीस पिल्लांत दहा-अकराच माद्या निघतील हे धरून संख्या ठरवा. आठवडी बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली स्वस्त पिल्लं येतात. ते बहुतेक लेअर जातीचे नर असतात. ना अंडी देणार, ना धड वाढणार. मुलं हट्ट करतात, पण घेऊ नका.

मोठ्या कोंबड्यांत फसवणूक याहून जास्त होते. पिंजऱ्यातल्या, अंडी संपत आलेल्या तपकिरी लेअर कोंबड्या "गावरान, चालू अंड्याची" म्हणून मोटारसायकलवरून विकल्या जातात. चोचीचं टोक पाहा, कापून बोथट केलेलं असेल. मानेवरची आणि शेपटीची पिसं झिजलेली असतील, नखं वाढून वाकलेली असतील. जमीन उकरणाऱ्या कोंबडीची नखं कधीच तेवढी वाढत नाहीत. आणि अंडं तपकिरी म्हणजे गावरान, हा समजही सोडा. गावरान अंडं बहुधा लहान आणि फिकट सायीच्या रंगाचं असतं.

पहिल्यांदाच पाळणाऱ्यांनी एक दिवसाची पिल्लं आणण्यापेक्षा सहा-आठ आठवड्यांची, लसी झालेली पिल्लं घ्यावीत. चार पैसे जास्त जातात, पण सगळ्यात नाजूक काळ दुसऱ्यानं सांभाळलेला असतो. सरकारी पिल्लांसाठी कोल्हापूर आणि पुण्याच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांत चौकशी करा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही विचारा. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातून सल्ला मिळतो. पिल्लं मागणीप्रमाणं काढली जातात, म्हणून नाव आत्ताच नोंदवा.

खुराड्याला दर पक्ष्यामागं दोन चौरस फूट जागा धरा. दहा कोंबड्यांना चार बाय पाच फूट पुरे. चार-पाच माद्यांमागं अंड्याला फूटभर लांबी-रुंदीची एक पेटी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबडीलाही संध्याकाळी ४०-५० ग्रॅम दाणा आणि शिंपल्याचा चुरा द्या, नाहीतर कवच पातळ येतं.

लस मात्र कुठल्याच जातीला चुकत नाही, गावरानलाही नाही. मानमोडी (राणीखेत) हा रोग एकदा गल्लीत शिरला की दोन दिवसांत सगळी खुराडी रिकामी करते. मरेक्स या रोगाची लस पहिल्या दिवशी उबवणी केंद्रातच होते, ती झाली का ते विचारून घ्या. सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीचीच लस डोळ्यात थेंब टाकून, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचं इंजेक्शन. देवीची लस डॉक्टरांना विचारून त्याच सुमारास. बाटली शंभर किंवा जास्त डोसची येते आणि एकदा फोडली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या पाच-सहा घरांनी, नाहीतर बचत गटानं, एकाच दिवशी पिल्लं आणून एकाच दिवशी लस करून घ्यावी. बाटली बर्फात ठेवूनच आणा.

लहान पिल्लं आणलीत तर पहिला आठवडा ३५ अंश ऊब हवी, पुढं दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करा. वीस पिल्लांना ४० वॉटचे दोन जुने पिवळे बल्ब लावा. एक उडाला तर दुसरा असतो. एलईडी बल्बनं उजेड पडतो, ऊब मिळत नाही, त्यामुळं तो इथं उपयोगाचा नाही. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. सगळीकडं पसरून दाणा टिपत असतील तर ऊब बरोबर आहे. पिल्लं यायच्या आदल्या संध्याकाळी भाताचं तूस दोन इंच पसरून बल्ब लावून ठेवा, आणि आल्याआल्या दाण्याआधी गुळाचं पाणी पाजा.