टेस्ला कॉईलचा स्पार्क गॅप तापतोय? एकाचे सहा करा

टेस्ला कॉईल म्हणजे हाय व्होल्टेजच्या लांब ठिणग्या काढणारं यंत्र, आणि स्पार्क गॅप म्हणजे त्यातली ठिणगी उडते ती फट. दोन बोल्ट समोरासमोर लावून गॅप केला असेल तर अर्ध्या मिनिटात टोकं लाल होतात, कडकडाट मंदावतो आणि वरच्या ठिणग्या आखूड होतात. लोक मग गॅप वाढवतात, ते अजिबात नको, कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) आणि निऑन ट्रान्सफॉर्मरवर (निऑन पाट्यांचा, व्होल्टेज वाढवणारा) ताण येतो.

मी नाशकातल्या भद्रकालीतून एसीचा जुना तांब्याचा पाईप आणला, साधारण 22 मिमीचा.

1. त्याचे 7 सारखे तुकडे कापा, कडा घासून घ्या.
2. बेकेलाईटच्या (वीज न वाहणारं कडक प्लास्टिक) पट्टीवर शेजारी शेजारी उभे बसवा, मध्ये 1 मिमी फट. फट मोजायला गॅरेजवाल्याकडचा फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) लागतोच, डोळ्याने जमत नाही. 6 मिमीच्या एका गॅपऐवजी आता 1 मिमीचे सहा झाले, उष्णता वाटली जाते.
3. फटींवर ब्लोअरचा झोत सोडा, पंखा मात्र वायरींपासून लांब.

तांबं काळं पडलं की पॉलिश पेपर मारा, नाशकातल्या एप्रिलच्या उन्हात तर मी दोन-दोन मिनिटांनी थांबतोच.

हात लावण्याआधी प्लग काढा आणि कपॅसिटर इन्सुलेटेड मुठीच्या धातूच्या दांडीने शॉर्ट करून डिस्चार्ज करा, दरवेळी, कारण त्यात उरलेला चार्ज जीव घेऊ शकतो.