ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद केले, तेव्हा कडा स्वच्छ आल्या
ट्रायपॉड घट्ट रोवलेला असूनही रात्रीच्या ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये दिव्यांच्या कडा किंचित पसरलेल्या येत होत्या, आणि फोकस अचूक असल्याने माझा संशय लेन्समधील इमेज स्टॅबिलायझेशनवर, म्हणजे हाताचा कंप भरून काढण्यासाठी भिंगे हलवणाऱ्या यंत्रणेवर, गेला. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरील थेट दृश्यात) चित्र १० पट मोठे करून पाहिले, तेव्हा कॅमेऱ्याला कुणाचाही हात लागलेला नसताना ते हळूहळू सरकताना दिसले. हाताचा कंप मोजणारे जायरो सेन्सर कॅमेरा स्थिर असतानाही स्वतःच्या संकेतातील बारीक चढउतारांना हालचाल समजतात आणि त्यानुसार भिंगे हलवत राहतात. लेन्सवरचा स्विच बंद करताच प्रश्न मिटला. काही नव्या लेन्स ट्रायपॉड आपणहून ओळखतात, तरी दीर्घ एक्स्पोजरसाठी मी त्यावर विसंबत नाही. मोनोपॉडवर (एकाच पायाच्या स्टँडवर) मात्र स्टॅबिलायझेशन चालूच ठेवतो.